32 फुटी की 56 फुटी: दोघांच्या लांब सागरप्रवासासाठी शिडाची कोणती नौका घ्यावी?

आपला प्रश्न असा आहे की, निवृत्तीनंतर पती-पत्नी दोघांनीच मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आणि पुढे जमेल तितके दूर शिडाच्या नौकेने जायचे असेल, तर नौका 32 फुटांच्या आसपासची घ्यावी की पैसे जुळत असल्यास 50 फुटांच्या वरची. मी मुंबईच्या बंदरात बरीच वर्षे छोट्या नौका चालवल्या आहेत. माझे मत लहान नौकेच्या बाजूचे आहे, पण मोठ्या नौकेच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

तुलनेसाठी आपल्याच किनाऱ्यावर बांधलेल्या दोन नौका घेऊ. ‘सुहैली’ मुंबईत सागवानी लाकडात बांधली गेली आणि 1964 मध्ये पाण्यात उतरली. डेकवरची लांबी सुमारे 32 फूट, दोन डोलकाठ्या, नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग चालणारी लांब कील (नौकेच्या तळाखालचा वजनदार कणा). तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा त्यापूर्वी कोणीही केलेली नव्हती. दुसरी ‘म्हादेई’: गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, व्हॅन दे स्टाट या डच संस्थेच्या आराखड्यावरून बांधलेली 56 फुटी, एका उंच डोलकाठीची, सुमारे 23 टनांची नौका. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये चार ठिकाणी थांबत, तर अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली.

‘सुहैली’ला इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघून तिथेच परतायला 312 दिवस लागले, ‘म्हादेई’ मुंबईहून निघून न थांबता साधारण दीडशे दिवसांत परतली. दोन्ही मार्गांची अंतरे सारखी नव्हती, तरीही एवढा फरक केवळ योगायोगाचा नाही. पाणी कापत जाणाऱ्या नौकेचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ही लांबी 28 फूट असेल तर वेगाची मर्यादा सुमारे सात नॉट (म्हणजे तासाला सात सागरी मैल) आणि 49 फूट असेल तर सव्वानऊ नॉटच्या थोडी पुढे येते. आता याचा परिणाम पाहा: हळू जाणाऱ्या नौकेला तितक्याच अंतरासाठी जास्त दिवसांचे अन्न आणि पाणी लागते, आणि नेमकी तिच्यातच ते ठेवायला जागा कमी असते. ‘सुहैली’च्या टाक्यांमधले पाणी वाटेत खराब झाले आणि नॉक्स-जॉन्स्टन यांना शिडांवरून निथळणारे पावसाचे पाणी साठवावे लागले. लक्षद्वीपपर्यंत जाताना ही अडचण येणार नाही. हिंदी महासागर ओलांडायचा ठरवलात तर मात्र पहिल्या दिवसापासून पाण्याचा हिशेब ठेवावा लागेल.

लाटांचा हिशेबही मोठ्या नौकेच्या बाजूने जातो. बाजूने येऊन फुटणाऱ्या लाटेची उंची नौकेच्या लांबीच्या साठ टक्क्यांच्या आसपास गेली की बहुतेक नौका पालथ्या होतात. म्हणजे 32 फुटी नौकेला एकोणीस फुटांची लाट पुरते, 56 फुटीला तेहतीस-चौतीस फुटांची लागते. ‘सुहैली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’मधून टॉमी 2018 मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत पुन्हा निघाले, तेव्हा सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात नौका कोलमडली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली.

इतके असूनही मी आपल्याला लहान नौकाच सुचवतो, आणि त्याचे कारण हातांत आहे. लांबी पावणेदोनपट झाली की त्याच घाटाच्या नौकेचे शीड क्षेत्रफळाने तिप्पट आणि वजन पाचपटीहून अधिक होते. माणसाचे दंड मात्र तेवढेच राहतात. एकदा एका चाळीस फुटी नौकेवर मी मदतनीस म्हणून गोव्याला निघालो होतो. जयगडच्या पुढे पहाटे वारा अचानक वाढला, पुढचे शीड गुंडाळणारी यंत्रणा अडकली आणि ते फडफडणारे शीड आवरायला तिघांना अर्धा तास झुंजावे लागले. त्या शिडाच्या दोराचा फटका कोणाच्या डोक्याला बसला असता तर काय झाले असते, हा विचार अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही. माझ्या तेवीस फुटी नौकेवर असेच झाले होते, तेव्हा मी एकट्याने शीड छातीशी कवटाळून बांधून टाकले. दोंदे आणि टॉमी यांनी एकट्याने 56 फुटी नौका सांभाळली हे खरे आहे, पण ते नौदलाचे अधिकारी होते आणि त्यांनी दीर्घ तयारी केली होती. आपल्यापैकी एक जण झोपलेला किंवा आजारी असताना दुसऱ्याला सर्व काही एकट्याने करता यायला हवे, या कसोटीवर पन्नास फुटांची नौका दोघांसाठी मला अवघड वाटते.

दुरुस्तीचेही तसेच आहे. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या नौकेच्या तळाच्या फळ्यांमधून पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी समुद्रात उतरून, सुताने फट बुजवून, वर तांब्याची पट्टी ठोकली. त्यांचे आपोआप चालणारे सुकाणू मोडले, तरी लांब कील आणि दोन डोलकाठ्यांमुळे शिडांचा समतोल साधून त्यांना नौका मार्गावर ठेवता आली. उलट ‘म्हादेई’ची बहीण ‘तारिणी’ हिला 2018 मध्ये सुकाणूच्या बिघाडामुळे ठरलेले नसताना मॉरिशसला थांबावे लागले.

आपल्या किनाऱ्याचाही विचार करा. कोकणातल्या अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. साडेपाच फूट पाणी लागणारी नौका भरती पाहून आत शिरू शकते, आठ फूट लागणारी बाहेरच नांगर टाकून बसते. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर घ्यावीच लागते, आणि वीस-बावीस टन उचलणारी क्रेन सगळीकडे मिळत नाही.

माझी निवड 34 ते 36 फुटांची असेल: जड बांध्याची, लांब कीलची. टॉमी 2022 च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत ‘बयानत’ या 36 फुटी नौकेतूनच उतरले आणि दुसरे आले. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे एका रात्रीची फेरी मागा आणि मोकळ्या समुद्रात आपल्या पत्नीला एकटीने मोठे शीड उतरवून बांधायला सांगा. त्या वेळी आपण सुकाणूलाही हात लावू नका.