काळ्या गाडीवर पॉलिश वाळून बसलंय, आता रबिंग करून घेऊ का? – माझं उत्तर

तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. वडिलांची २०११ची काळी गाडी, रविवारी दुपारी अंगणात सगळ्या गाडीला एकदमच पॉलिश लावलं, जेवून येईपर्यंत ते कडक झालं, मग कोरड्या टॉवेलने जोर लावून काढलं. आता जागोजागी पांढरे पट्टे आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणतोय, दीड तासात रबिंग मारून, म्हणजे मशीनने रंग घासून, नवी करून देतो. नेमकं हेच माझ्या हातून अकोल्यात, भर मे महिन्यात, माझ्या २००८च्या काळ्या स्विफ्टवर झालं होतं. पुढे मी गाडी ज्यांच्याकडे दिली, त्यांनी माझ्यापेक्षा जास्त नुकसान केलं. म्हणून आधीच सांगते: गाडी अजून कुणाकडेही देऊ नका.

मी डिटेलिंगचा धंदा करत नाही, पेंटरही नाही. घरच्या तीन गाड्या आणि बारा-तेरा वर्षं एवढाच अनुभव. धुणं, क्ले बार (रंगात रुतलेली घाण काढणारी मऊ वडी), कडांना आणि प्लास्टिकला टेप लावणं हे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडून देते.

आधी चूक कुठे झाली ते बघू, कारण ती तुमची एकट्याची नाही. आपल्याकडे ‘पॉलिश’ या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू येतात: कंपाउंड (भरड घासणारं), पॉलिश (बारीक घासणारं) आणि वॅक्स (वरून लावायचा संरक्षक थर). आमच्या बाबांची १९८६ची पद्मिनी होती. दर दिवाळीच्या आधी ते सगळ्या गाडीला डबीतलं ‘पॉलिश’ लावायचे, ते पांढरं होईपर्यंत चहा प्यायचे आणि मग मऊ धोतराच्या फडक्याने पुसायचे. गाडी लखलखायची. ते पॉलिश म्हणजे वॅक्स होतं. साध्या वॅक्समध्ये घासणारं काही नसतं; ते वाळू द्यायचं आणि मग पुसायचं, हेच बरोबर. मी लहानपणापासून तेच बघितलं आणि स्विफ्टला आणलेल्या बाटलीवरही तेच केलं. पण त्या बाटलीत खरं पॉलिश होतं, म्हणजे तेल-पाण्यात कालवलेली अतिशय बारीक घासणारी पूड. तेल-पाणी आहे तोवर पूड घसरते आणि रंग गुळगुळीत करते. उन्हाने तेल-पाणी उडालं की मागे कोरडी पूड आणि रंगाचा भुगा उरतो. त्यावर टॉवेल फिरवणं म्हणजे सगळ्या गाडीवर पॉलिश पेपर (सँडपेपर) फिरवणं. तुमच्या बॉनेटवरच्या रेषा लावताना पडलेल्या नाहीत, काढताना पडल्या आहेत.

पद्मिनीच्या रंगात आणि तुमच्या गाडीच्या रंगातही फरक आहे. जुन्या गाड्यांना वर वेगळा क्लिअर कोट नसायचा. घासलं की फडक्यावर गाडीचाच रंग यायचा आणि ते चालायचं. तुमच्या गाडीला रंगाच्या वर बहुधा पारदर्शक थर आहे, आपले पेंटर त्याला ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ म्हणतात. कारखान्यातून येणारा सगळा रंग, प्रायमर धरून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक एका केसापेक्षा पातळ थरावर उभी आहे. प्रत्येक रबिंगमध्ये त्यातलाच थोडा जातो आणि परत येत नाही. म्हणून किती वेळा घासायचं हे जपून खर्च करायचं.

आता माझ्याकडे पुढे काय झालं ते. पट्टे जाईनात म्हणून घाबरून मी गाडी एका सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही. काउंटरवर सांगितलं, ‘मॅडम, रबिंग-पॉलिश आणि टेफ्लॉनचं पॅकेज घ्या, दोन तासांत होईल.’ मी ३,५०० रुपये भरले. गाडी शेडमध्ये नव्हती, मागच्या मोकळ्या जागेत उन्हात होती. मुलगा मोठं रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गरगर फिरवणारं) घेऊन, लोकरीचं पॅड लावून, बॉनेटच्या कडेवरून सरळ आरपार नेत होता. कडांना टेप नव्हता. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. याचं आजही वाईट वाटतं. मुलाला दोष देत नाही; त्याला कुणी शिकवलंच नव्हतं आणि दिवसाला ठरावीक गाड्या काढायच्या होत्या.

संध्याकाळी गाडी आरशासारखी दिसत होती. मी खूश होऊन घरी आले, शेजाऱ्यांनाही दाखवली. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतर सगळ्या रेषा परत आल्या, आणि मशीनचे गोल सावलीसारखे पट्टे वर. कारण शेवटी त्यांनी तेलकट ग्लेझ फिरवलं होतं. ते रेषांमध्ये भरून बसतं आणि त्या झाकतं, काढत नाही. शाम्पूने ते निघून गेलं की खालचं जसंच्या तसं.

हे तरी दुरुस्त झालं असतं. खरं नुकसान बॉनेटच्या डाव्या कडेला होतं. जिथे पत्रा वळतो तिथे अंगठ्याच्या नखाएवढा एक निस्तेज डाग. पाणी टाकलं की नाहीसा व्हायचा, वाळलं की पुन्हा राखाडी. मी तीन वेळा त्यावर वॅक्स लावलं, दर वेळी दोन दिवस बरं दिसायचं. एका म्हाताऱ्या पेंटरने बोट फिरवून सांगितलं, ‘ताई, इथे क्लिअर संपलंय. आता याला काही लावू नका, हे वाढणार.’ आणि वाढलंच. पुढच्या पावसाळ्यात तो डाग रुपयाएवढा झाला आणि त्याच्या कडेने क्लिअर पापुद्र्यासारखं सुटायला लागलं. शेवटी अख्खं बॉनेट रंगवावं लागलं.

मी सर्व्हिस सेंटरकडे चार वेळा गेले. पहिल्यांदा म्हणाले, रंग जुना झालाय. मग म्हणाले, पक्ष्यांच्या विष्ठेने झालं असेल. मी विचारलं, काम करण्याआधी रंगाची जाडी मोजली होती का, कोणतं कंपाउंड आणि कोणतं पॅड वापरलं? उत्तर आलं, ‘हे आम्ही लिहून ठेवत नाही.’ जॉब कार्डवर फक्त ‘पॉलिशिंग पॅकेज’ एवढंच होतं. माझ्याकडे आधीचे फोटोही नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे तक्रार करता येते, पण हातात कागदच नसेल तर बोलणार काय? म्हणून गाडी कुणाकडेही दिलीत तरी आधी प्रत्येक पॅनलचे (बॉनेट, दरवाजा असा एकेक भाग) फोटो काढा, कडांचे जवळून काढा, आणि काय वापरणार ते जॉब कार्डवर लिहून घ्या. लिहायला तयार नसतील तर गाडी परत आणा. ‘टेफ्लॉन’च्या नावाने पैसे तर अजिबात देऊ नका. टेफ्लॉन वितळायलाच ३२७ अंश सेल्सियस लागतात. अंगणात फडक्याने पुसून ते रंगाला चिकटत नाही. त्या बाटलीत बहुतेक वेळा साधं वॅक्स किंवा सीलंटच (वॅक्ससारखाच कृत्रिम संरक्षक थर) असतं.

आता तुमचं वाळलेलं पॉलिश. कोरडं एकदाही घासू नका. सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर, सावलीत, पत्र्यावर हाताची मागची बाजू ठेवा. गरम लागला तर थांबा. मग फोमच्या पॅडवर तेच पॉलिश, त्याच बाटलीतलं, हरभऱ्याएवढं घ्या आणि वाळलेल्या पट्ट्यावर हलक्या हाताने फिरवा. ताज्या पॉलिशमधलं तेल जुन्याला मऊ करतं. एका वेळी वहीच्या पानाएवढीच जागा करा आणि लगेच, ओलं असतानाच, स्वच्छ मायक्रोफायबरने उचला. मी ‘पुसा’ म्हणत नाही, ‘उचला’ म्हणते, कारण दाब द्यायचाच नाही. कापड दोनदा दुमडून चौघडी करून घ्या म्हणजे आठ बाजू मिळतात. प्रत्येक पॅनलला बाजू बदला. माझ्या हाताने हे पट्टे असेच निघाले, फक्त दोन संध्याकाळी लागल्या. रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही वापरू नका. गाडीचा एखादा पॅनल आधी कधी रंगवलेला असेल तर थिनरने तो रंग सुटू शकतो, आणि वडिलांच्या गाडीचा सगळा इतिहास आपल्याला माहीत असतोच असं नाही.

दरवाज्याच्या काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर जे पांढरं बसलंय त्यासाठी मऊ टूथब्रश आणि पातळ केलेलं ऑल पर्पज क्लीनर. खरबरीत प्लास्टिकवर शाळेतला पांढरा खोडरबरही छान चालतो, करून बघा. पुढच्या वेळी आधी टेप लावलात तर ही पाळीच येणार नाही.

पट्टे निघाल्यावर रेषा राहतील. त्या काढायच्या असतील तर माझं मत ठाम आहे: नवख्याने डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) मशीनच घ्यावं, रोटरी नाही. डीएचं पॅड फिरतं आणि डुलतंही, दाब जास्त झाला की फिरणं थांबतं, त्यामुळे एका जागी उष्णता कमी साठते. अनुभवी लोक रोटरीवर उत्तम काम करतात, ते कुणी नाकारत नाही, पण आपल्या अंगणात शिकायला ते मशीन नको. दोन फूट बाय दोन फूट जागा घ्या. आधी कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग मशीनचा वेग चार-पाच आकड्यावर ठेवून हळूहळू, सेकंदाला साधारण एक इंच, आडवं आणि मग उभं. कडा आणि पत्र्याच्या घड्या मशीनने करूच नका, हाताने करा. क्लिअर तिथेच सगळ्यात पातळ असतं. अधूनमधून पॅडकडे बघा. क्लिअर असलेल्या गाडीवर पॅडवर पांढरट-राखाडी यायला हवं. काळं यायला लागलं तर तिथल्या तिथे मशीन बंद. उलट जुन्या, क्लिअर नसलेल्या गाडीवर रंग येणारच, तिथे घाबरू नका. कोणती गाडी कोणती हे कळत नसेल तर बाहेरच्याच रंगावर, सहज नजरेत न येणाऱ्या जागी, पांढऱ्या कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन घासून बघा.

आणि प्रत्येक जागा झाली की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर सारख्या प्रमाणात मिसळून तिथे एकदा पुसा. तेल निघून जातं आणि खरं काय झालंय ते दिसतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. त्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी एवढं करायला लावलं असतं तर ग्लेझची चमक तिथेच उतरली असती. आधी फक्त एक जागा करून हे बघा, पसंत पडलं तरच पुढे जा. नख अडकतं अशी ओरखड असेल तर तिच्या मागे लागू नका, ती पॉलिशने जात नाही. तेवढ्यासाठी आजूबाजूचं क्लिअर घालवू नका. सगळं झालं की वॅक्स, आणि ते मात्र बाबांसारखंच वाळू द्या.

आणखी थोडं. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, लेबल कापून टाका. जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवसापुरतं बाजूला ठेवा. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसायला दादा येत असतील तर त्यांना दोन चांगली कापडं आणि कापड खळबळायला दुसरी बादली तुम्हीच आणून द्या. धुळीवर कोरडं फडकं फिरलं की याच रेषा पुन्हा पडतात. धूळ असलेल्या गाडीवर कव्हर घालणंही तसंच. बोअरच्या पाण्याने धुतलीत तर लगेच टिपून घ्या, क्षारांचे डाग उन्हात पक्के होतात.

हे सगळं हवामान, रंग, बाटली यांप्रमाणे थोडं बदलतं, तेव्हा बाटलीमागचं वाचा आणि माझ्यापेक्षा जास्त जाणणारे इथे आहेत, त्यांनी दुरुस्त करावं. पण तुमच्याकडून एक हवं आहे. बॉनेटच्या दोन्ही कडांचे आणि छताच्या घडीचे फोटो टाका, एकदा ओले आणि एकदा पूर्ण वाळल्यावर. ओल्यात नाहीसा होऊन वाळल्यावर परत येणारा डाग कुठे दिसला तर तिथे हातही लावू नका, आणि गॅरेजवाल्याला तर नाहीच. फोटो बघून पुढचं लिहिते.