नवोदयचा फॉर्म भरा, क्लासचं मात्र थांबा

ताई, तुमचा मुलगा पाचवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, वर्गात मधला. मिस्टर म्हणतात नवोदयच्या, म्हणजे सहावीपासूनच्या केंद्र सरकारी निवासी शाळेच्या, प्रवेशपरीक्षेच्या क्लासला टाकू, आणि तुमचं मन होत नाही. मी २६ वर्षं पाचवीला शिकवलं, नवोदयची तयारीही करून घेतली. माझं म्हणणं, फॉर्म जरूर भरा.

ही परीक्षा पाचवीत एकदाच देता येते. निवड झाली तर राहणं, जेवण, पुस्तकं फुकट, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण एका विद्यालयात जागा फार तर ८०, आणि परीक्षेला बसतो अख्खा जिल्हा. नाव आलं नाही म्हणून पोरगं ढ ठरत नाही, हे घरात आधीच बोलून ठेवा. आजोबांशी तर नक्कीच.

आता क्लासचं. ८० प्रश्नांपैकी ४० बुद्धिमत्तेचे, सगळे आकृत्यांचे: आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद. हे सरावाने बसतं, म्हणून तर क्लास चालतात. माझ्या भाच्याने वर्षभर तेच केलं आणि त्याची निवडही झाली. दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा त्याला नफा-तोट्याचं एक साधं उदाहरण घातलं. वहीकडे बघत बसला, पेन्सिलचं टोक चावलं आणि म्हणाला, "मावशी, हा टाइप आमचा घेतलाच नव्हता." प्रश्न वाचून विचार करायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सातवी-आठवीपर्यंत मराठीचा आधार होता. गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं आणि नववीत तो घरी परत आला. बहीण अजून तो विषय निघाला की चहा टाकायला उठते.

त्याच्याच मागेपुढे माझ्या वर्गातली एक मुलगी गेली. अभ्यासात बेताची, पण अडलं की दहा वेळा विचारायची, लाजायची नाही. तिथेही ती शेवटपर्यंत मधलीच राहिली. तिला त्याचं काही नव्हतं, तिला व्हॉलीबॉल मिळालं होतं.

म्हणून तयारी न करता एक जुना पेपर घरी घड्याळ लावून दोन तास सोडवून घ्या. गुण मोजू नका. चुकलेलं एक गणित समजावून सांगा आणि दुसऱ्या दिवशी आकडे नि गोष्ट बदलून तेच द्या. जमलं तर मुलगा शिकतोय. मग सुट्टीत त्याला आठ दिवस मावशीकडे ठेवा, रोजचा फोन न करता. कपडे स्वतः धुतो का, नावडती भाजी खातो का, रात्री रडतो का, बघा. नववीत ३० टक्के मुलं वर्षभर हिंदी भागातल्या नवोदयला पाठवतात, तेही लक्षात असू द्या.

पेपर झाला की कोणते प्रश्न चुकले ते इथे टाका. भाषेचे उतारे चुकले असतील, तर तूर्त आकृत्या बाजूला ठेवून रोज वर्तमानपत्रातली एक बातमी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.