समुद्री सूक्ष्मजीवांपासून खाण्यात वापरता येईल असं नैसर्गिक अँटिऑक्सिडंट बनवता येतं का?

येतं, आणि ते बरीच वर्षं विकलंही जातंय. तुम्ही एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून हा विषय घेताय आणि फरसाणाचं तेल खवट होऊ नये म्हणून घालतात त्या टीबीएचक्यू या कृत्रिम अँटिऑक्सिडंटची जागा हे घटक घेतील का, असंही विचारलंय. मी खाद्यघटकांच्या क्षेत्रात काम करते. मला सगळ्यात भरवशाचं वाटणारं उदाहरण म्हणजे ड्युनालिएला सलायना हे एकपेशीय शेवाळ, म्हणून त्याच्यावरूनच सांगते.

हे शेवाळ मिठागरांत आणि खाऱ्या सरोवरांत वाढतं. खायला भरपूर असेल तेव्हा ते हिरवं असतं. ऊन तापलं, पाणी आटून खारटपणा वाढला, नायट्रोजन कमी पडला की पेशी बीटा कॅरोटीन (गाजरातलं नारिंगी रंगद्रव्य) साठवायला लागते आणि नारिंगी होते. जास्तीच्या उन्हापासून बचाव करायला हे कॅरोटीन हरितलवकात तेलाच्या बारीक थेंबांत जमतं. कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतही जातं. अडचण अशी की उपाशी पेशी वाढत नाही. म्हणून आधी खाऊ घालून संख्या वाढवायची, मग उपाशी ठेवायचं. इस्रायलमध्ये एलातला वल्ह्यांनी ढवळलेल्या तलावांत हे करतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात हट लगूनला मात्र प्रचंड उथळ तळी आहेत, तिथे बरंचसं काम ऊनच करतं.

खरी कसोटी पुढे, पेशी पाण्यातून वेगळ्या काढताना आहे. पेशी साधारण १० मायक्रॉनची, पाण्यात विरळ पसरलेली, आणि ते पाणी यंत्रं गंजवणारं. शिवाय तिला कडक पेशीभित्तिका नसते. स्लाइडवर गोड्या पाण्याचा एक थेंब सोडलात तर पेशी फुगताना दिसते आणि बघता बघता फुटून नारिंगी तेल बाहेर पसरतं. म्हणजे मीठ धुवायला जावं तर मालच वाहून जातो. वाळवलेली पावडर उजेडात, हवेत उघडी राहिली की फिकी पडते, कारण अँटिऑक्सिडंट स्वतःच आधी ऑक्सिडाइज होतं. म्हणून ते बहुधा खाद्यतेलात मिसळून, हवाबंद डब्यात विकतात.

फरसाणाचं म्हणाल तर माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. बीटा कॅरोटीन उजेडामुळे तयार होणारा सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप) फार चांगला शमवतं. पण तळणीच्या उष्णतेत ते टिकत नाही. ऑक्सिजन भरपूर असला तर ते उलट ऑक्सिडेशनला हातभार लावू शकतं, हे बर्टन आणि इनगोल्ड या संशोधकांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. पेयं आणि मार्गरिनला रंग द्यायला, 'अ' जीवनसत्त्वाचा स्रोत म्हणून ते उत्तम. पण त्याला औषध म्हणून खपवू नका. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. निकाल १९९४चे आहेत. तिथलं कॅरोटीन कृत्रिम होतं, तरी नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं धरून चालू नये.

आपल्याकडे प्रकल्प बहुतेक वेळा डीपीपीएच चाचणीच्या (अँटिऑक्सिडंटची ताकद मोजणारी रंगबदलाची सोपी चाचणी) एका आकड्यावर संपतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. परीक्षानळीत अल्कोहोलमध्ये मिळालेला तो आकडा पदार्थातल्या वागणुकीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. त्यापेक्षा अर्क शेंगदाणा तेलात घाला, एक बाटली उजेडात आणि एक अंधारात ठेवा, दर आठवड्याला पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती खवटायला लागलंय याचं माप, काढा. टोकोफेरॉल ('ई' जीवनसत्त्व) घातलेली बाटली तुलनेला हवीच.

नमुना पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये, मालकाला विचारून पेण-उरणकडच्या मिठागरातून घ्या. नारिंगी-गुलाबी रंग दिसला म्हणून लगेच ड्युनालिएला समजू नका. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारे वेगळेच गुलाबी सूक्ष्मजीव, निघाले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन कशाभिकांनी (चाबकासारख्या बारीक शेपट्यांनी) पळणारी पेशी दिसली की मग पुढची तयारी करा. आणि नवा जीव घटक म्हणून विकायचा विचार असेल, तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नॉन-स्पेसिफाइड फूडचे (ज्यांची मानकं आधी ठरलेली नाहीत अशा खाद्यपदार्थांचे) नियम आत्ताच वाचून ठेवा. सुरक्षिततेची कोणती माहिती लागते ते त्यातून कळेल, आणि प्रयोगांची आखणी त्याप्रमाणे करता येईल.