आईचं स्मारक आणि इस्टेट टॅक्सची वजावट

बोस्टनजवळ राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय: "बाबांच्या मागोमाग आईही गेली. घर, ठेवी, शेअर धरून तिच्या मागे साधारण २३ लाख डॉलर आहेत. वारस मी आणि पुण्याची बहीण. फ्यूनरल होमचं ८,५०० डॉलरचं बिल मी माझ्या कार्डावर भरलं. मी आणि बायको अस्थी घेऊन नाशिकला गेलो, तेरावंही तिथेच केलं. मेहुणे म्हणतात, सगळा खर्च तुझ्या इन्कम टॅक्समध्ये दाखव. इथल्या सिमेट्रीत १५,००० डॉलरचं ग्रॅनाइटचं स्मारक करायचं मनात आहे. करातून सुटत असेल तर लगेच ऑर्डर देतो."

आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. अशा दिवसांत आकडेमोड नकोशी होते, पण हा निर्णय आकडे बघूनच घ्या.

मेहुण्यांचं या बाबतीत ऐकू नका. अंत्यसंस्काराचा खर्च तुमच्या १०४० वर, म्हणजे वैयक्तिक इन्कम टॅक्स रिटर्नवर चालत नाही, आईच्या शेवटच्या १०४० वर नाही, तिच्या इस्टेटच्या, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेच्या, इन्कम टॅक्स रिटर्नवर (१०४१) वरही नाही. त्याची जागा एकच: इस्टेट टॅक्सचं, म्हणजे या मालमत्तेवरच्या कराचं रिटर्न, फॉर्म ७०६, आणि त्यातलं शेड्यूल जे. फेडरल, म्हणजे केंद्राचा इस्टेट टॅक्स तुम्हाला लागणारच नाही. २०२६ साठी त्याची करमुक्त मर्यादा दीड कोटी डॉलर आहे. तुमच्या राज्याची, मॅसॅच्युसेट्सची मात्र फक्त २० लाख. राज्याचं इस्टेट टॅक्स रिटर्न, एम-७०६, हे फेडरल फॉर्म ७०६ च्याच हिशेबावर चालतं, म्हणून ही वजावट तुमच्या कामाची.

पण ती किती कामाची, ते बघा. काहीच वजा न करता २३ लाखांवर राज्याचा कर साधारण २३,२०० डॉलर होतो आणि या टप्प्यावर दर ८ टक्के आहे. फ्यूनरल होमच्या बिलामुळे ६८० डॉलर वाचतील. स्मारकामुळे १,२००. उरलेले १३,८०० तुमच्या आणि बहिणीच्या वाट्यातून जाणार. करासाठी म्हणून स्मारक करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांनाही मनापासून हवं असेल तर जरूर करा, पण ऑर्डर देण्याआधी बहिणीशी बोला. भारतात वारसाहक्कावरचा कर १९८५ मध्येच रद्द झाला, त्यामुळे हा हिशेब तिला नवा असेल. आकडे तिच्यापुढे मांडा.

स्मारकाचा वाजवी खर्च नियमात बसतो. पार्थिव अंत्यस्थळी नेणाऱ्या माणसाच्या प्रवासाचाही. अस्थींसाठी तुमचं एक तिकीट त्यात धरता येईल का, हे इस्टेटच्या वकिलांना विचारा. बायकोचं तिकीट आणि तेराव्याची पंगत मी धरणार नाही. ते आपण माणसांसाठी करतो, आणि छाननीत समर्थन करणं अवघड जातं.

आता एक काम लगेच करा. कार्डावर भरलेले ८,५०० इस्टेटच्या खात्यातून परत घ्या आणि फ्यूनरल होमचं तपशीलवार बिल, कार्डाचं स्टेटमेंट आणि परतफेडीचा चेक एकाच फाइलला लावा. वजावट इस्टेटने सोसलेल्या खर्चाची असते. तुम्ही प्रेमापोटी स्वतः सोसलात तर ती मिळणार नाही. एम-७०६ ची मुदत निधनापासून ९ महिने आहे, आणि घराचं मूल्यांकन करून घ्यायलाच त्यातला बराच वेळ जातो. ते काम याच आठवड्यात कुणाकडे तरी सोपवा.