सॅक कुईकुई करते, काय करू?

प्रश्न: माझी ५० लिटरची सॅक चढावर प्रत्येक पावलाला कुईकुई वाजते. हरिश्चंद्रगडाला पाचनईच्या वाटेने जाताना ग्रुपने जाम पिडलं. खोबरेल तेल सोडू का?

उत्तर: तेल अजिबात नको हो! धूळ चिकटते, कापडाला डाग पडतात ते वेगळंच. आधी आवाज कुठून येतो ते शोधा, म्हणजे सॅक भरून पाठीवर घ्या, कमरेचा पट्टा सोडून थोडं चाला, आवाज बंद झाला तर बहुतेक पट्टा पाठीच्या पॅडमागे जिथे घुसतो तिथेच घासतोय, जास्त करून हीच जागा असते. पट्टा निघत असेल तर काढा, आतली माती आणि वाळलेला घाम ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या (घाई करू नका, ओल्यावर पावडरचा चिखल होतो) आणि मग टाल्कम पावडर चोळा. पावसात ती धुऊन जाते, परत लावायची. प्लास्टिकवर प्लास्टिक घासत असेल तर साधी मेणबत्ती फिरवा.

तरीही वाजतेय? मग सॅकच्या पाठीला ताठ ठेवणारी आतली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तिच्या कप्प्यात सैल झाली असेल, टोकाला कापडी टेप गुंडाळा. फक्त काढताना वरची बाजू मार्क करा, ती पाठीच्या बाकानुसार वाकवलेली असते, उलटी गेली तर पाठ बोंबलेल.