प्रश्न तुमचे : गावात दम लागून माणसं का जातात?

प्रश्न : डॉक्टर, माझी आई आयुष्यभर रोजंदारीनं दुसऱ्यांच्या शेतात राबली, विडीला कधी हात लावला नाही, तरी दम लागून गेली. पुण्यातला भाऊ म्हणतो खराब हवा तर शहराची, गावात असं कसं होईल? आता वडिलांनाही सोयाबीनच्या मळणीत खोकला लागतो. काय करू? - एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, भावाचं अर्धंच बरोबर आहे. शहराची हवा वाईट आहेच, पण चुलीपुढे बसून जो धूर छातीत जातो तो कुठल्या चौकात मिळायचा नाही, आणि वर मळणी यंत्राचा भुसा, चाऱ्यातली बुरशी, फवारणी, बांध पेटवल्याचा धूर. यातून जो आजार होतो तो सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आणि फुप्फुस हळूहळू कायमचं खराब होऊन दम लागण्याचा आजार. २०१६ साली देशात याचे साडेपाच कोटींवर रुग्ण असल्याचा अंदाज होता आणि विडी न ओढणारेही त्यात भरपूर आहेत. गावाकडे सगळ्याच धापेला दमा म्हणतात, इंजेक्शन घ्यायचं, बरं वाटलं की परत कामावर, कारण खाडा केला तर हजेरी बुडते. असं करत करत फुप्फुस निम्मं संपतं तेव्हा कुठे माणूस जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचतो. माझ्या मते शहर आणि गावातला खरा फरक इथेच पडतो. अमेरिकेतसुद्धा सीओपीडीनं मरायचं प्रमाण खेड्यांत मोठ्या शहरांपेक्षा जास्त आहे, तिथे तर आपल्यासारख्या घरोघरी चुलीही नाहीत! आपल्याकडचा नेमका आकडा विचाराल तर तो सांगता येत नाही, कारण २०२० साली नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं, त्यामुळे घरी गेलेली अशी कितीतरी माणसं हिशोबातच नाहीत.

वडिलांचं आता. आधी थुंकी तपासून घ्या, टीबी नाही ना ते कळेल, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून ती सोडू नका. आणि एक नीट आठवून बघा, कुबट भुसा किंवा चारा हाताळल्यावर चार-आठ तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, धाप असं होतं का? तसं असेल तर तो शेतकऱ्यांच्या फुप्फुसाचा वेगळाच आजार असू शकतो, बरेचदा न्यूमोनिया समजून त्याला अँटिबायोटिक देत बसतात, डॉक्टरांना भुशाचं स्वतःहून सांगा. मळणीला भुसा उडतो त्या अंगाला उभं राहू देऊ नका, तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा औषधाचा पंप (इनहेलर) दिला तर घ्यायचा, त्याची सवय लागते वगैरे गावगप्पा आहेत.