पुण्यात दातांच्या सरकारी उपचारांसाठी नाव कुठे नोंदवावे लागते?

आपला प्रश्न मला असा समजला: आपण हडपसरला राहता, एका कंपनीत दरमहा १८,००० रुपये पगारावर आहात, आईंचे वय ६२ आहे, त्यांच्या तीन दाढा किडल्या आहेत, पुढचे दात हलतात आणि खासगी दवाखान्याने सांगितलेला खर्च झेपणारा नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मावसभावाने तिकडे दंतवैद्याकडे नाव नोंदवले की सरकारी दरात उपचार होतात असे सांगितले, म्हणून पुण्यात अशी नोंदणी कुठे करायची, हे आपल्याला हवे आहे. मी डॉक्टर नाही. आधी वडिलांच्या आणि नंतर सासूबाईंच्या दातांसाठी शहरातल्या बऱ्याच ओपीडींच्या रांगेत उभी राहिले आहे आणि त्यातून जे कळले ते लिहिते आहे.

अशी नोंदणी आपल्याकडे नाही. आपल्याकडे नोंदणी होते ती दंतवैद्याची, म्हणजे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानुसार प्रत्येक दंतवैद्याचे नाव राज्य दंत परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते, आणि कोणाच्या हाती तोंड सोपवण्याआधी हा नोंदणी क्रमांक विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. रुग्णाचे नाव मात्र कोणत्याही एका डॉक्टरशी बांधलेले नसते. मावसभावाच्या सांगण्यातही एक दुरुस्ती करावी लागेल: २००६ पासून इंग्लंडमध्येही दंतवैद्याकडची कायमची नोंदणी राहिलेली नाही, आणि तिथल्या सरकारी सेवेतही प्रौढांना ठरलेल्या तीन श्रेणींप्रमाणे शुल्क भरावे लागते.

आपल्याकडे लागतो तो केस पेपर. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात सकाळी खिडकीवर नाव, वय, पत्ता सांगून केस पेपर काढायचा, दंत विभागासमोर नंबर लावायचा आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तोच कागद घेऊन जायचे. कोण्या नगरसेवकाचे पत्र लागत नाही, ओळख लागत नाही. आधार कार्ड, शिधापत्रिका, आधीचा एक्स-रे असल्यास तो आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत ठेवावी. आईंना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर अलीकडची साखरेची तपासणी जरूर न्यावी, कारण साखर वाढलेली असेल तर दाढ काढण्याचे काम त्या दिवशी पुढे ढकलले जाते आणि हडपसरहून केलेली फेरी वाया जाते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये, फक्त डॉक्टरांना आधी सांगावी.

कुठे जायचे, यात शुल्काचा फरक पडतो. औंधचे जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या सर्व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. पुणे स्टेशनजवळचे ससून मात्र बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येत असल्याने हा निर्णय त्याला लागू नाही आणि तिथे शासनाने ठरवलेले शुल्क भरावे लागते, जे खासगी दरांच्या मानाने फारच थोडे असते. तेही जड जात असेल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, त्यांचे कामच ते आहे. महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय मंगळवार पेठेत आहे, आणि पिंपरी-चिंचवडकरांसाठी संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. हडपसरहून औंध लांब पडते, पण आईंना बसचा प्रवास सोसत असेल तर ती फेरी करण्यासारखी आहे.

आता जी गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते, ती सांगते. माझ्या वडिलांची खालची दाढ रात्रभर ठणकत होती. सकाळी आम्ही एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो. बाकावर आमच्या आधी चाळीसेक माणसे, आत एक खुर्ची आणि एक डॉक्टर. नंबर लागला, त्यांनी आरशाने पाहिले, म्हणाले, "काढावी लागेल." वडिलांनी मान हलवली, भुलेचे इंजेक्शन झाले आणि दहा मिनिटांत ते कापसाचा बोळा चावत बाहेर आले. दुखणे थांबले, पैसे जवळजवळ लागलेच नाहीत, आम्ही मनापासून आभार मानून घरी आलो. दोन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी जुना एक्स-रे पाहून सांगितले की, त्या दाढेची मुळे भक्कम होती आणि रूट कॅनाल करून, म्हणजे आतली किडलेली नस काढून पोकळी भरून, ती ठेवता आली असती. वडील अजूनही त्या बाजूने भाकरी चावत नाहीत.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागतात, प्रत्येक खेपेला खुर्ची अर्धा-पाऊण तास अडकते, मध्ये एक्स-रे काढावे लागतात, शिवाय वर कॅप बसवायची तर तिच्यासाठी प्रयोगशाळेचा खर्च येतो. बाहेर चाळीस माणसे बसलेली असताना एकट्या डॉक्टरला हे सगळ्यांसाठी करणे शक्य नसते. म्हणून आपल्या सार्वजनिक व्यवस्थेत दाढ काढणे सर्वांत सहज मिळते, साध्या किडीत सिमेंट भरणे आणि दात स्वच्छ करणे त्याखालोखाल, आणि दात वाचवण्याचे काम सर्वांत अवघड जाते. हे बदलायला हवे असे मला फार तळमळीने वाटते, कारण पैसे नसलेल्या माणसाची दाढही इतरांच्या दाढेइतकीच त्याच्या जेवणाला लागते. पण आजच्या आज आपल्या हातात एक गोष्ट आहे: इंजेक्शन घेण्याआधी विचारावे, "डॉक्टर, ही दाढ ठेवता येईल का? इथे होत नसेल तर कुठे होईल, ते कागदावर लिहून द्याल का?" माझा अनुभव असा की, विचारले तर बहुतेक डॉक्टर शांतपणे सांगतात आणि पत्रही देतात.

ते "कुठे" म्हणजे बहुतेक वेळा दंत महाविद्यालय. पुण्यात शासकीय दंत महाविद्यालय नाही, आणि इतक्या मोठ्या शहराची ही उणीव मला नेहमी खुपते. मात्र धनकवडीचे भारती विद्यापीठाचे, कॅम्पात आझम कॅम्पसमधले रंगूनवाला, वडगावचे सिंहगड आणि पिंपरीचे डी. वाय. पाटील ही खासगी दंत महाविद्यालये आहेत. ती सरकारी पैशावर चालत नाहीत, परंतु विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण लागतात, त्यामुळे तिथले दर बाहेरच्या दवाखान्यांपेक्षा पुष्कळ कमी असतात. आपल्याला हडपसरहून आझम कॅम्पस जवळ पडेल. तिथे पहिल्या दिवशी तपासणी विभागात सगळे तोंड पाहून एक्स-रे काढतात आणि मग कागदावर विभाग लिहून देतात: दाढ काढायची असेल तर एक, मुळांचे काम असेल तर दुसरा, हिरड्यांचे असेल तर तिसरा, कवळीचा चौथा.

सासूबाईंची कवळी अशाच एका महाविद्यालयात झाली. उरलेले दात काढल्यावर हिरड्या भरून येईपर्यंत त्यांना थांबवले, मग पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेला एका मुलीने गुलाबी पावडर पाण्यात कालवून, पळीसारख्या साच्यात भरून त्यांच्या तोंडात बसवली आणि "आजी, नाकाने श्वास घ्या, उलटीसारखे वाटले तर मान खाली करा" असे सांगत त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. दुसऱ्या खेपेला अधिक बारीक माप घेतले. तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून ओठ किती भरलेले दिसतात, दोन्ही जबडे कुठे मिटतात, हे पट्टीने मोजले. चौथ्या खेपेला मेणात बसवलेले दात घालून आरसा हातात दिला, आणि पाचव्या खेपेला पक्की कवळी मिळाली. प्रत्येक पायरीला ती मुलगी आपल्या शिक्षकांना बोलावून आणी, ते पाहत, एकदा त्यांनी तिसरी पायरी पुन्हा करायला लावली, आणि त्यांची सही झाल्याखेरीज काम पुढे सरकत नसे. शिकाऊ हातांची अनेकांना भीती वाटते. मला तर बाहेर कुठेही एका कवळीकडे दोन जोड्या डोळ्यांनी इतके निरखून पाहिलेले आढळले नाही. किंमत मोजावी लागते ती वेळेची: सकाळ जाते, परीक्षा आणि सुट्ट्यांत काम थांबते, आणि कवळी मिळाल्यावर जिथे टोचते तिथे घासून घेण्यासाठी आणखी दोन-तीन वेळा जावे लागते.

आपल्या बाबतीत याहून महत्त्वाची एक शक्यता आहे, म्हणून आपला पगार मी वर मुद्दाम लिहिला. कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची, पगाराची मर्यादा २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आहे. आपल्या पगाराच्या चिठ्ठीत ईएसआय या नावाने कपात होते का, ते पाहावे. ही कपात पगाराच्या ०.७५ टक्के असते, म्हणजे १८,००० वर १३५ रुपये, आणि मालकाला स्वतःचे ३.२५ टक्के वेगळे भरावे लागतात. कपात होत असेल तर आपण विमाधारक आहात, आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या, ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या आई-वडिलांनाही या योजनेत वैद्यकीय सेवा मिळते. इथे मात्र मावसभाऊ म्हणतो तशी नोंदणी खरोखर आहे: आपल्या नावावर एक दवाखाना लागलेला असतो, कुटुंबाची नावे आणि फोटो ई-पहचान पत्रावर चढवावे लागतात, आणि त्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर पुढे रुग्णालयात पाठवतात. पुण्यात बिबवेवाडीला आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयची रुग्णालये आहेत. आईंचे नाव कार्डावर आहे का, हे कंपनीच्या कार्यालयात उद्याच विचारा. पुष्कळ जण वर्षानुवर्षे पैसे भरतात आणि आई-वडिलांचे नाव चढवायचे राहून गेलेले असते.

घरात कोणी सैन्यातून निवृत्त असेल तर माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये दंतवैद्य असतात. केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे. आपण तसे काही लिहिलेले नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी बराच गैरसमज आहे. आयुष्मान भारतबरोबर मिळून तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि जबड्याचे फ्रॅक्चर किंवा तोंडाचा कर्करोग यांसारख्या शस्त्रक्रियांना ती मोठा आधार आहे. परंतु दाढेत सिमेंट भरणे, रूट कॅनाल, कवळी ही रोजची कामे तिच्यात येत नाहीत, तेव्हा आयुष्मान कार्ड आहे म्हणून कवळी फुकट होईल अशी अपेक्षा ठेवून रांगेत उभे राहू नये. दाखल होऊन शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली तर धर्मादाय रुग्णालयांनाही विचारावे. तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे, आणि उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वार्षिक १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते.

शेवटी आपण ओझरते लिहिले आहे की, आई अनेक वर्षे मिश्री लावतात आणि गालाच्या आतल्या बाजूला "थोडे सोलल्यासारखे" झाले आहे. दाढांपेक्षा मला त्याची अधिक काळजी वाटते. त्यांना तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, ते पाहायला सांगा. ती जात नसतील, किंवा गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा मिश्री जिथे धरतात त्या हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा असेल, अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ईएसआयचे कागद होण्याची वाट पाहू नये. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनाशुल्क होते. याच आठवड्यात आईंना घेऊन ससूनच्या किंवा औंधच्या दंत विभागात जा, आणि आत गेल्यावर दाढेचे काही सांगण्याआधी डॉक्टरांना तो गाल दाखवा.